नातवाचा पेढा

(सोलापूर. डॉक्टर विजयमाला यांच्या बाळंतपणाच्या दवाखान्याची आतली खोली. मागच्या दारापलीकडे त्यांचं स्वयंपाकघर. त्या दारात सासू सोजरबाई वाती वळत बसली आहे. पेढ्यांचा पुडा उघडून नागूबाई डॉक्टरांसमोर उभी. तिची सून चांगुणा पलीकडच्या खोलीत बाळंतीण आहे. दुपार कलायला आलेली.)

नागूबाई: ठेवायचा न्हाय म्हनलं की. आत्ता खायचा. माज्या म्होरं.

डॉक्टर: मी कुठं पळून चाललेय का नागूबाई? ठेवा टेबलावर. हातातलं आवरलं की खाते.

नागूबाई: परवा धर्मपालनं दिला तवा बी ह्येच म्हनलात. पोरगं माजं लई खूश. 'आई, बाईंनी पेढा ठिवून घेतला.' ठिवून घेतला! सांजच्याला दानम्मा जिन्यात बसून त्योच पेढा चघळत हुती. झाडू मांडीवर, पेढा तोंडात.

डॉक्टर: तिला मीच दिला तो.

नागूबाई: ठावं हाय. तिनंच सांगितलं, तिच्या पोटात काय ऱ्हातंय? म्हंजे जे तुमच्या तोंडाला चालत न्हाय ते झाडणारणीच्या तोंडाला चालतंय.

सोजरबाई: ए बाई, आवाज खाली. दवाखाना हाय ह्यो, तुजी वस्ती न्हवं.

नागूबाई: मी तुमच्यासंगं बोलत न्हाय पाटलीणबाई. तुमच्यासंगं बोलायचं तर त्या उंबऱ्याच्या आत यावं लागंल. ती येळ काय तुमी येऊ देत न्हाय.

डॉक्टर: नागूबाई, ऐका. मी पेढाच खात नाही. कुणाचाच नाही.

नागूबाई: कुनाचाच?

डॉक्टर: कुणाचाच.

नागूबाई: कापडवाल्या चनमल्लप्पाच्या नातवाचं बारसं झालं तवा पाटावर कोन बसलं हुतं मग? पाटाभवती रांगोळी, पानावर पुरनपोळी, वरनं तुपाची धार. अख्ख्या पेठंनं बघितलं. त्ये पोरगं बी तुमच्याच हातनं झालं, माज्या धर्मपालचं बी तुमच्याच हातनं झालं. त्या टायमाला तोंड उघडलं, आता मिटलं. का?

डॉक्टर: तिथं खाल्लं म्हणूनच आता खाता येत नाही.

नागूबाई: वा! तितं प्वाट भरलं व्हय? त्याला म्हैना झाला की.

डॉक्टर: तिथं मला जायचं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, एवढं मोठं घर, पानावरून तसंच उठलीस तर नाव जाईल. दोन पोळ्या खाल्ल्या. त्या आठवड्यात पायाचा अंगठा चिघळला. हा बघा. अजून भरून येत नाही.

सोजरबाई: विजयमाला! पाय खाली घे. कुनापुढं काय उघडं करावं ह्ये बी कळंना झालं का तुला?

नागूबाई: पुरनपोळी खाऊन अंगठा चिघळतोय? मी अडानी हाय बाई, पर येवडी अडानी न्हाय.

सोजरबाई: कशाला तिच्या तोंडाला लागतीस? सरळ सांग की, आमच्यात चालत न्हाय. मिटलं.

डॉक्टर: मी असं म्हणणार नाही.

सोजरबाई: म्हनायला काय जातंय? तेवढ्यानं आजवर कुनाची सोयरीक मोडल्याली मी तर बघितली न्हाय.

डॉक्टर: आत्याबाई, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला ऐकू येतंय का?

सोजरबाई: मला समदं ऐकू येतंय. नातेपुत्याचे पाव्हणे रविवारी सोयरीक पक्की करायला येनार, ते बी ऐकू येतंय. लेकीचं आयुष्य मांडल्यालं हाय तुज्या. तू खरं बोलायची हौस भागवून घे, मग तिला घरात बसवून तिचे केस पांढरे झाल्यालं बघ. आईला तसलं असलं की लेकीला बी येतं, ह्ये तूच मला सांगितलंस न्हवं? का पुस्तकात दुसरं छापलंय?

नागूबाई: कसलं? काय येतंय लेकीला?

सोजरबाई: काय न्हाय. तू पुडा उचल आन् सुनंकडं जा.

डॉक्टर: साखर. मला साखर आहे, नागूबाई. मधुमेह. लघवीत साखर उतरते. चार वर्षं झाली.

नागूबाई: आगं बया.

डॉक्टर: म्हणून पेढा नको म्हटलं. तुमचा म्हणून नाही.

नागूबाई: झाली का गोष्ट सांगून?

डॉक्टर: गोष्ट नाही ही.

नागूबाई: आता माजी ऐका. मी सोळाची हुते. पाटलाच्या वाड्यावर दळनाच्या जात्याला टाकी लावायला माजी सासू गेली, संगं मी. मला नुकतंच ल्येकरू झाल्यालं, सासूनं हौसेनं लाडू नेला. पाटलीन म्हनली, आज उपास हाय. फुडं मास्तरणीला दिला, ती म्हनली, प्वाट बिघडलंय. तालुक्याच्या सायबानं सांगितलं, दात दुखतोय. येक बी म्हनला न्हाय की तुमच्या हातचं खात न्हाय. समदे भले लोक! समद्यांना रोग. आता डाक्टरनीला बी रोग निघाला. तुमचा तेवढा इंग्रजी हाय.

डॉक्टर: मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

नागूबाई: त्ये बी कशाला बोलले?

डॉक्टर: मी रोज सकाळी मोरीत दिव्यावर नळी तापवते. निळं औषध, त्यात लघवीचे थेंब. निळंच राहिलं तर बरं. हिरवं झालं तर जपायचं. आज विटेसारखं लाल झालं. मग पोटात सुई टोचून घेते. विचारा आत्याबाईंना, रोज बघतात.

नागूबाई: काय हो पाटलीणबाई? खरं हाय?

सोजरबाई: काय बी न्हाय तिला. धडधाकट हाय.

डॉक्टर: आत्याबाई!

सोजरबाई: आता काय आत्याबाई? ह्या वयात समद्याच बायकांचं तसं असतंय. पाळी मागंफुडं हुती, अंगातनं वाफा निघत्यात, अंग सुटतंय. आमाला न्हाय झालं? आमी काय सुया टोचल्या? ही शिकली, म्हनून हिच्या वाफंला बी इंग्रजी नाव.

नागूबाई: आयकलं का बाई? तुमच्या घरातलंच मानूस सांगतंय.

डॉक्टर: त्या घाबरतात. मुलीचं लग्न मोडेल म्हणून.

नागूबाई: आन् तुमी? तुमी भीत न्हाय? चार वर्सं तोंड शिवून बसलात. आता माज्या म्होरंच कशी शिवन उसवली? मी काय, वस्तीतली बाई. मी सांगितलं तर कुनाला खरं वाटायचं न्हाय, म्हनून का?

डॉक्टर: तसं नाही हो... आई गं.

नागूबाई: मी माज्या चांगुणाला हितं का आनली, ठावं हाय? सरकारी दवाखाना फुकट हुता. पर पोटुशी असताना तुमी तिला सांगितलंत, नवऱ्याच्या आदी जेवायचं, ज्वारीची भाकरी, हिरवी भाजी, मटकीला मोड आनून, वर मूठभर शेंगदानं. म्हनलात, बाळंतिनीला उपास न्हाय आन् उष्टं बी न्हाय. ती घरी येऊन मला भीत भीत सांगती. मी म्हनलं, डाक्टरनीनं सांगितलं न्हवं? मग जेव आदी. लोक हसले मला. सून आदी जेवती आन् सासू वाढती. मी वाढलं. तुमच्या शब्दाला येवढा मान दिला. आन् तुमी माजा नातू झाडणारणीला दिला.

डॉक्टर: नातू नाही हो... पेढा. पेढा दिला.

नागूबाई: येकच हाय.

डॉक्टर: नागूबाई, किती वाजले?

नागूबाई: घड्याळ तुमच्या डोक्यावर हाय.

डॉक्टर: मला... दिसत नाही नीट. आत्याबाई, मी नऊला सुई घेतली. लगेच कुंभारी गावची बाई आली, पायाळू मूल. अडीच-तीन तास उभी होते. जेवले नाही मी.

सोजरबाई: मग न्हाऊन घे आन् जेव. मी काय तुजं ताट हिसकावलंय?

डॉक्टर: न्हायला वेळ नाही. मला आत येऊ द्या.

सोजरबाई: बाळंतपनाचा इटाळ घिऊन? माज्या चुलीपाशी? लगीन हून आलीस तवाच सांगितलंय, डाक्टरकी दाराच्या भायेर. डोक्यावरनं पानी घ्यायचं, मग आत. आजवर पाळलंस की.

डॉक्टर: म्हणून तर... रोज चारला जेवते. दिवसाला तीन तीन आंघोळी. सुई घ्यायची आणि उपाशी उभं राहायचं. बायकांना सांगते, वेळेवर खा... आणि मी... आत्याबाई, चमचाभर साखर द्या. मी उंबरा ओलांडत नाही. वरून टाका हातावर.

सोजरबाई: आता गं? ही हितं उभी असताना? आता साखर दिली तर हिला खरं वाटंल.

डॉक्टर: वाटू दे.

सोजरबाई: रविवार जाऊ दे मग. रविवारपतूर मी डबा शिवत न्हाय.

नागूबाई: ह्यो काय खेळ मांडलाय तुमी दोघींनी?

डॉक्टर: खेळ... सिस्टरला बोलवा. कपाटात ग्लुकोज आहे. किल्ली तिच्याकडं.

नागूबाई: तुमची सिस्टर डबा खायाला घरी गेली. मघाशीच.

डॉक्टर: मग तुम्ही द्या.

नागूबाई: काय?

डॉक्टर: पेढा. द्या तो.

नागूबाई: आता? आता पायजे व्हय? मगाशी इख हुतं, आता पायजे? मी येडी वाटते का तुमाला?

डॉक्टर: सुईनं साखर खाली जाते. जेवलं नाही की... फार खाली जाते. मग गोडच लागतं. नाहीतर शुद्ध जाते. द्या लवकर.

नागूबाई: साखर हाय म्हनून खायचा न्हाय, साखर न्हाय म्हनून खायचा. तुमी शिकल्याली मानसं, कुनीकडनं बी बरोबरच.

डॉक्टर: नागूबाई, मी पाया पडते.

नागूबाई: नगा पडू. आमच्या पाया पडल्यावर परत तुमालाच न्हावं लागंल.

सोजरबाई: विजयमाला, ऊठ! तिच्या पुड्याला हात लावशील तर याद राख. पडू दे घेरी. तोंडावर पानी मारलं की येतीया शुद्धीवर. दोन वर्सांमागं पडली हुतीस, मेलीस का?

नागूबाई: म्हंजे आदी बी पडलीया? मग मगाशी धडधाकट कोन हुतं?

सोजरबाई: तू गप.

नागूबाई: बाई, हिकडं बघा. बाई? आवो, घामानं पातळ भिजलं की. हात बघू. आयाव, बरफावानी गार. पाटलीणबाई, ह्ये सोंग न्हवं! साखर आना.

सोजरबाई: मी इटाळातल्या बाईला शिवत न्हाय आन् तुज्यादेखत तर उठत बी न्हाय.

नागूबाई: बाई, आ करा. आ! दात आवळू नगा. मेलात तर माज्याच नावावर जाईल, पेढ्यात काय कालवलं म्हनतील, माज्या धर्मपालची नोकरी जाईल. आ करा म्हनते की!

सोजरबाई: तिच्या तोंडात बोटं घालतीस? आगं ए! आमच्या सुनंच्या तोंडात?

नागूबाई: चावा. हां. गिळा. आता दुसरा. पानी कुटंय? ह्यो माठ तुमच्या पेशंटांचा का घरचा?

डॉक्टर: पे... पेशंटांचा.

नागूबाई: मग चालतंय. घ्या घोटभर. अजून. आता पंख्याखाली डोकं टेका आन् गप बसा. बोलायचं न्हाय. बोलू आमी.

सोजरबाई: आमी काय बोलायचं?

नागूबाई: बोलायला लई हाय. सुनंला मारत हुता तुमी.

सोजरबाई: मारत न्हवते. घर राखत हुते. तुला ल्योक हाय, लेक न्हाय. लेकीच्या घरचं राखनं तुला काय ठावं? तिचा नवरा कुंडलिक, माजा ल्योक, कोर्टात मोठमोठ्यानं बोलतोय आन् हितं आला की तोंडात गुळनी धरतोय. समदं माज्याच डोस्क्यावर. नातेपुत्याची सोयरीक मी जमवली, मी राखनार.

नागूबाई: राखा. वाती वळत राखा.

सोजरबाई: हे बग बाई. झालं ते झालं. तू भली हायेस. भायेर कुनाला काय सांगू नगंस.

नागूबाई: काय सांगू नगं?

सोजरबाई: हितलं.

नागूबाई: हितं दोन गोष्टी झाल्या. तुमच्या सुनंला साखर हाय, ती येक. तिनं माज्या बोटांनी खाल्लं, ती दुसरी. त्यातली कुटली सांगू नगं?

सोजरबाई: दोनी.

नागूबाई: दोनी माज्या पोटात मावायच्या न्हाईत पाटलीणबाई. माजं प्वाट दानम्मापरीस बारीक हाय. येक सांगनार. कुटली, ती तुमी ठरवा.

सोजरबाई: अशी सतावू नगंस म्हातारीला.

नागूबाई: मी बी म्हातारी हाय. ठरवा. पेठंत सांगितलं की एष्टी जाती रोज नातेपुत्याला. रविवारच्या आदी पोचंल.

सोजरबाई: आगं, दया कर.

नागूबाई: चमचाभर साखर मागत हुती ती तवा तुमची दया कुटल्या डब्यात हुती? साखर सांगू, का पेढा सांगू?

सोजरबाई: ...साखर सांग.

नागूबाई: मोठ्यानं सांगा. बाईंना आयकू जायला पायजे.

सोजरबाई: साखर सांग म्हनलं! रोगाला काय, लोक चार दीस बोलतात, औशिदाला येखादा डाक्टर बी भेटतोय. सोयरीक मोडली तर मोडली, दुसरी मिळंल. ह्ये दुसरं मातर कुनी इसरत न्हाय. माज्या नातीच्या नातीला बी लोक इचारतील.

डॉक्टर: आत्याबाई.

सोजरबाई: तू पड. बोलू नगंस.

डॉक्टर: चार वर्षं तुम्ही मला या आजाराचं नाव घेऊ दिलं नाहीत. मुलीसाठी. मी सुई माठामागं लपवली. पेशंटच्या घरी गोड चहा प्याले, सणाला पानावर बसले, अंगठा मोज्यात लपवला. सगळं मुलीसाठी. आता एका पेढ्यासाठी तुम्ही मुलीची सोयरीक देऊन टाकलीत.

सोजरबाई: पेढ्यासाठी न्हाय. कुनाच्या हातानं, त्याच्यासाठी.

डॉक्टर: हो. तेच.

सोजरबाई: उठलीस की तशीच न्हानीत जा. पातळासकट. तुजं ताट वायलं मांडते आजपासनं.

डॉक्टर: मांडा. निदान वेळेवर मांडा.

नागूबाई: बाई, घाम वाळला तुमचा. नजर बी ठरली.

डॉक्टर: आता बरं वाटतंय. नागूबाई, पुडा उघडा.

नागूबाई: का? परत घेरी येतीया?

डॉक्टर: नाही. मघाचे दोन औषधाचे. आता तुमच्या नातवाचा द्या.

नागूबाई: अंगठा?

डॉक्टर: माझा अंगठा मी बघून घेईन. उद्या नळी लाल झाली तर होऊ दे. मी शुद्धीवर आहे, माझ्या हातानं घेते, यांच्यादेखत खाते. द्या.

सोजरबाई: खा! पुडा संपव आन् मर!

डॉक्टर: ऐकलंत? द्या नागूबाई.

नागूबाई: न्हाय देत.

डॉक्टर: का?

नागूबाई: आदीचे दोन तुमी जगायला खाल्ले. त्यात माजा काय मान? बुडनारा गवताला बी धरतोय. आता तिसरा खानार त्यो सासूला चिडवाया. त्यात बी मी न्हाय, माजं पोरगं न्हाय.

डॉक्टर: मग मी काय करू? तुम्हीच सांगा.

नागूबाई: मला काय इचारता? मी कुटं डाक्टर हाय? चांगुणाला उद्या घरी न्हेते. तिची जेवायची येळ झाली.

डॉक्टर: नागूबाई, थांबा. बाळ छान आहे तुमचं. वजन चांगलं आहे.

नागूबाई: ठावं हाय की. म्हनून तर पेढे आनले हुते.